आडातले आणि पोहऱ्यातले

मार्च १९८६ मध्ये सौदी अरेबियाचे राजे फाहद ह्यांनी आपल्या प्रजेपुढे एक विलक्षण घोषणा केली. राज्याचे नवे अंदाजपत्रक तूर्त सादर होणार नाही. ते पाच महिने पुढे ढकलण्यात येत आहे. कारण तेलापासून किती उत्पन्न होईल ह्याचा अदमास बांधणेच अशक्य झाले आहे. पाच महिने लोटले, तरी अंदाजपत्रक आले नाही. ते आले डिसेंबरात. परचक्र नाही, बंडाळी नाही, राजसत्तेला धक्का नाही, आणि तरीही एका धनाढ्य राज्याला स्वतःचा वर्षाचा जमाखर्च मांडता येत नाही, हा प्रकार कोणाही विचारी माणसास अंतर्मुख करणारा होता. मराठीत ‘बजेट’ला पूर्वी अंदाजपत्रक म्हणत, पुढे अर्थसंकल्प हा अधिक भारदस्त शब्द रूढ झाला. संकल्प सोडणाऱ्याच्या हाती निदान पळीभर पाणी तरी स्वतःचे असावे लागते. त्या वर्षी रियाधच्या अर्थखात्यापाशी संकल्प तर नव्हताच, पण अंदाजही नव्हता.

चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज उकरून काढण्यास कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाने २०२६ चे अंदाजपत्रक मंजूर केले. त्यात १६५ अब्ज रियालांची तूट धरलेली आहे. तूट धरली म्हणून कोणी दचकावे असे नाही. जगातील बहुतेक सरकारे तुटीतच नांदतात. दचकावयाचे ते आदल्या वर्षाच्या आकड्याने. २०२५ साठी १०१ अब्ज रियालांची तूट अंदाजिली होती. वर्ष सरत आले तेव्हा ती २४५ अब्जांच्या घरात जाईल असे सरकारनेच सांगितले. अंदाज आणि अनुभव ह्यांत दुपटीहून अधिक अंतर पडावे, आणि तेही अर्थशास्त्रज्ञांचा, सल्लागारांचा व गणकयंत्रांचा सुकाळ असलेल्या राज्यात, ह्याचे मूळ अधिकाऱ्यांच्या गणितात शोधून सापडणार नाही. ते शोधावयाचे तर जमेची बाजू कोठून भरते हे पाहिले पाहिजे.

ही जमा पूर्वी कोठून भरत असे, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. तेल सापडण्यापूर्वी राजे अब्दुल अझीझ ह्यांच्या खजिन्याचा मुख्य आधार हज यात्रेकरूंकडून मिळणारे शुल्क हा होता, आणि त्या यात्रेकरूंत मुंबई बंदरातून बोटीने निघणाऱ्या हिंदी मुसलमानांचा भरणा मोठा होता. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर यात्रेकरूंची संख्या लाखाच्या आसपासवरून वीस-तीस हजारांवर आली आणि खजिन्यात खडखडाट झाला. ह्या अडचणीतच १९३३ च्या मे महिन्यात राजांनी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीला तेलशोधाचा मक्ता दिला आणि त्यापोटी ३५,००० सोन्याच्या गिन्या घेतल्या. १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागले. पुढे १९५२ मध्ये यात्रेकरूंवरील कर रद्द झाला. म्हणजे कसे झाले पहा. परक्याच्या पदरातून येणाऱ्या एका उत्पन्नाची जागा जमिनीखालून येणाऱ्या दुसऱ्या उत्पन्नाने घेतली. स्वतःच्या रयतेकडून कर घ्यावा, त्याबदली तिला हिशेब द्यावा, ही पायरी मध्ये कधी आलीच नाही.

आता ह्या उत्पन्नाचा स्वभाव पाहू. शाळेतल्या त्रैराशिकाइतके ते सोपे आहे. दिवसाला सत्तर लाख पिंपे तेल परदेशी धाडणाऱ्या देशाला पिंपामागे एक डॉलर कमी मिळाला, की वर्षाकाठी अडीच अब्ज डॉलरांचा घाटा होतो. एका डॉलरची ही कथा; आणि भाव एका डॉलरने नव्हे, एका वर्षात चाळीस-पन्नास डॉलरांनी उतरल्याची उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखतची आहेत. बरे, भाव पडू नये म्हणून माल रोखून धरावा, तर पिंपांची संख्या घटते आणि जमा दुसऱ्या बाजूने गळते. १९८० मध्ये सौदी अरेबिया दिवसाला एक कोटीच्या आसपास पिंपे तेल काढीत होता. ओपेकचा भाव टिकविण्यासाठी तो स्वतः हात आखडता घेत गेला, आणि १९८५ च्या उन्हाळ्यात उत्पादन पंचवीस लाखांच्याही खाली गेले. इतर सभासद मात्र ठरलेल्या मर्यादेबाहेर विकत राहिले. अखेर सौदीनेही संयम सोडला, बाजारात तेल ओतले, आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरांच्याही खाली कोसळला. १९८१ च्या सुमारास सरकारचे उत्पन्न ३६८ अब्ज रियाल होते. १९८६ मध्ये ते ७६ अब्जांच्या आसपास आले. रुपयाचे वीस पैसे झाले म्हणा ना! राजे फाहद ह्यांना अंदाजपत्रक पुढे का ढकलावे लागले ते ह्यावरून ध्यानी येईल. भाव धरावा की माल विकावा हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही. जुलै २०२३ पासून सौदीने पुन्हा आपणहून दिवसाला दहा लाख पिंपांची कपात केली होती, आणि तिचाही भार त्याच्याच जमेच्या बाजूवर पडला.

ह्यात चलनाची एक गाठ आहे, तिच्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचित जाते. १९८६ पासून रियालची डॉलरशी पावणेचारास एक अशी सांगड घातलेली आहे. रशियासारख्या देशात तेलाचा भाव उतरला की रूबलही उतरतो; परदेशातून डॉलर कमी आले तरी प्रत्येक डॉलरचे रूबल अधिक होतात, आणि पगार व निवृत्तिवेतने रूबलमध्येच द्यावयाची असल्याने सरकारचे वर्ष कसेबसे निभावते. महागाईच्या रूपाने प्रजा ती किंमत मोजते, हा भाग वेगळा. सौदीला ही पळवाट नाही. भाव उतरला की तूट उघडी पडते आणि गंगाजळीला ओहोटी लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये ही गंगाजळी ७३० अब्ज डॉलरांच्या वर होती. २०१७ मध्ये ती ५०० अब्जांच्याही खाली गेली होती. तीन वर्षांत एवढा ओघ आटावा, ह्यावरून त्या राज्याचा नित्यखर्च किती आहे ह्याची कल्पना यावी.

खर्चाची बाजू आम्हांस अधिक बोधक वाटते. उत्पन्न भावाबरोबर चढते व उतरते. खर्च चढतो, पण उतरत नाही. २०११ च्या आरंभी ट्युनिशिया व ईजिप्त येथील राजवटी लोकक्षोभाने कोसळल्या, तेव्हा राजे अब्दुल्ला ह्यांनी फेब्रुवारी व मार्च ह्या दोन महिन्यांत मिळून सुमारे १३० अब्ज डॉलरांच्या सवलती जाहीर केल्या. सरकारी नोकरांना दोन महिन्यांचा जादा पगार, पाच लाख घरे, सुरक्षादलांत साठ हजार नव्या जागा. तेल तेव्हा शंभर डॉलरांच्या आसपास होते. देणाऱ्याचा हात सढळ होता. पण देणगी म्हणून जे एकदा दिले, ते घेणाऱ्याच्या घरात हक्क म्हणून नांदू लागते. २०१४ मध्ये एकूण जमेपैकी सत्त्याऐंशी टक्के रक्कम तेलाची होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भाव घसरू लागले, आणि २०१५ ची तूट ३६७ अब्ज रियाल असल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये मंत्र्यांचे पगार वीस टक्क्यांनी उतरविले, नोकरवर्गाचे भत्ते थांबविले. सात महिनेही झाले नाहीत तोच, एप्रिल २०१७ मध्ये, राजाज्ञेने ते भत्ते पूर्ववत केले गेले. १ जानेवारी २०१८ रोजी पाच टक्क्यांचा मूल्यवर्धित कर आला. त्याच आठवड्यात सरकारी नोकरांना वर्षभर महिना १,००० रियाल महागाई भत्ता देण्याची आज्ञा निघाली. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत! मूल्यवर्धित कर पंधरा टक्के झाला आणि तो भत्ता थांबला, त्याला २०२० ची महामारी आणि तेलाची भुईसपाट झालेली किंमत हे निमित्त व्हावे लागले.

राज्यकर्त्यांची ही चलबिचल दुबळेपणाची आहे असे म्हणून आम्ही त्यांना हिणविणार नाही. ती त्या जमाखर्चाच्या रचनेतूनच येते. जेथे नागरिक प्राप्तिकर देत नाही, तेथे सरकारने खर्चात काटछाट करताना त्याला काय सांगावे? ‘तुमचाच पैसा जपून वापरतो आहोत’ असे म्हणता येत नाही. देणारा सरकार, घेणारी प्रजा, असे नाते एकदा जडले की दान आखडताच दात्याविषयीच शंका उत्पन्न होते. कर देणारा नागरिक कुरकुरतो, भांडतो, हिशेब मागतो, आणि प्रसंगी सोसतोही, कारण त्या भांडणात तो पक्षकार असतो. सौदीच्या सरकारी अंदाजपत्रकात तेलाचा भाव काय धरला आहे, ही सगळ्यांत कळीची गोष्ट छापलीच जात नाही. बाहेरचे अभ्यासक इतर आकड्यांवरून ती ताडतात. ती छापावी असा आग्रह धरणारे सभागृहही तेथे नाही.

मग तूट आली की भार कोणावर पडतो? ज्याला त्या राज्यात बोलण्याचा अधिकार सगळ्यांत कमी, त्याच्यावर तो आधी पडतो. जानेवारी १९८८ मध्ये परदेशी नोकरदारांवर प्राप्तिकर बसविण्याचे तेथील सरकारने जाहीर केले. इस्पितळांत, बँकांत, तेलखाणीत राबणाऱ्या परदेशी मंडळींनी राजीनाम्यांची तयारी केली, आणि काही दिवसांतच तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तज्ज्ञ डॉक्टरांना व अभियंत्यांना जगात इतरत्र मागणी होती. त्यांच्या शब्दाला वजन होते. जुलै २०१७ मध्ये हीच गोष्ट निराळ्या वेषात परत आली. परदेशी कामगाराच्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियाल आकारणी सुरू झाली. ती दरवर्षी शंभराने चढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको व दोन मुले असलेल्या कारकुनास महिन्याला १,२०० रियाल केवळ त्यांना जवळ ठेवण्याबद्दल द्यावे लागू लागले. ह्या वेळी राजीनाम्यांची धमकी कोणी दिली नाही. लोकांनी बायकामुलांना मायदेशी धाडले आणि आपण खोलीत चौघांच्या जागी आठ जण राहू लागले.

हे मायदेशी धाडणे म्हणजे काय, ते महाराष्ट्राला परके नाही. रत्नागिरी व रायगड ह्या जिल्ह्यांतील गावेच्या गावे आखातातल्या पैशावर उभी राहिली आहेत. खाडीकाठची पक्की घरे, शाळांच्या इमारती, मशिदींचे नवे मनोरे, आणि दारात फारसा न दिसणारा घरधनी, हे चित्र त्या भागात फिरलेल्या कोणाच्याही परिचयाचे आहे. रियाधचे अंदाजपत्रक म्हसळ्याच्या किंवा खेडच्या घरी वाचले जात नाही. पण त्यातली तूट तेथे पोहोचते. जेद्दा येथे २०१६ च्या उन्हाळ्यात एका बड्या बांधकाम कंपनीचे हजारो हिंदी मजूर कित्येक महिन्यांच्या पगाराविना छावण्यांत अडकून पडले. खानावळी बंद झाल्या आणि आपल्या वकिलातीला त्यांच्यापर्यंत शिधा पोहोचवावा लागला. त्या देशात बांधकामाचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक सरकार, आणि तेल स्वस्त झाल्यामुळे सरकारनेच कंत्राटदारांची देणी थकविली होती. मंत्र्यांचे वीस टक्के कापले गेले ते त्यानंतर; मजुराचे शंभर टक्के त्याआधीच कापले गेले होते. आणि योगायोग असा, की परदेशस्थ भारतीयांसाठी २००४ मध्ये निर्माण केलेले स्वतंत्र मंत्रालय आपल्या सरकारने त्याच वर्षीच्या जानेवारीत परराष्ट्र मंत्रालयात विलीन करून टाकले होते.

सौदी राज्यकर्त्यांना हे काहीच उमगलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी ‘व्हिजन २०३०’ ही योजना जाहीर केली, तिचा गाभाच तेलापासून सुटका हा आहे. तेलेतर उत्पन्न २०१४ मध्ये सव्वाशे अब्ज रियालांच्या थोडे वर होते, ते २०२४ मध्ये ५०० अब्जांवर गेले. जमेतला तेलाचा वाटा सत्त्याऐंशीवरून साठ टक्क्यांवर आला. दहा वर्षांतील ही प्रगती लहान नाही. तथापि ह्या तेलेतर उत्पन्नाचे कूळ पाहावे लागते. सरकारी पगार तेलातून होतो. त्या पगारातून बाजारहाट होतो. बाजारहाटावर मूल्यवर्धित कर बसतो. आणि तो कर ‘तेलेतर’ म्हणून जमेस धरला जातो. नव्या नगरांची व क्रीडानगऱ्यांची बांधकामे सरकारी निधीतून चालतात आणि त्यांवरील शुल्केही त्याच सदरात पडतात. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा प्रश्न पोहऱ्याला नवा रंग दिल्याने मिटत नाही. २०२५ मध्ये तो उघडच झाला. अराम्को ह्या राष्ट्रीय तेलकंपनीत जवळजवळ सर्व भांडवल सरकारचे व सरकारी निधीचे आहे. तिची रॉयल्टी, तिचा कर आणि तिचा लाभांश अशा तिन्ही वाटांनी पैसा खजिन्यात येतो. २०२४ मध्ये तिने १२४ अब्ज डॉलरांच्या आसपास लाभांश वाटला होता. २०२५ साठी तो ८५ अब्जांवर आणण्यात आला. तिकडे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०२४ मधील अंदाजाप्रमाणे जमाखर्चाची तोंडमिळवणी होण्यास पिंपामागे नव्वदाहून अधिक डॉलर मिळावयास हवे होते. २०२५ मध्ये भाव बराच काळ सत्तराच्या आतबाहेर रेंगाळला.

ह्या विषयावर लिहिताना नॉर्वेचे उदाहरण देण्याची चाल आहे. ते खरे आहे, पण त्यातून भलताच धडा घेतला जातो. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाचा निधी निर्माण केला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम टाकली, आणि २००१ मध्ये असा दंडक घातला की निधीच्या अपेक्षित उत्पन्नाइतकेच, म्हणजे सुमारे चार टक्के, अंदाजपत्रकात वापरावयाचे. २०१७ मध्ये ते प्रमाण तीन टक्क्यांवर आणले. हा दंडक पाळला गेला तो नॉर्वेजियन माणूस जात्याच काटकसरी म्हणून नव्हे. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्कचे तेल लागले तेव्हा त्या देशात संसद होती, वर्तमानपत्रे होती, कामगारसंघ होते, आणि जबर कर भरण्याची जुनी सवय होती. ती सवय तेल सापडल्यावरही मोडू दिली गेली नाही. तेथे आजही पंचवीस टक्के मूल्यवर्धित कर आहे. आधी करदाता आणि मग तेल, असा तेथे क्रम होता. अरबस्तानात तो उलटा होता, आणि १९३३ च्या त्या गिन्या मोजून घेणाऱ्या राजाला त्याबद्दल दोष देणे शहाणपणाचे नाही.

आपल्या वाचकांपैकी काहींना ह्या साऱ्यात परदुःखाची शीतलता वाटेल. भारत नव्वद टक्क्यांच्या जवळपास खनिज तेल बाहेरून आणतो. तेलावर जगणारे राज्य ते आपले नव्हे. वस्तुतः आपला खजिनाही तेलावर जगावयास शिकला आहे, फक्त विहीर वेगळी आहे. ती पेट्रोलपंपावर आहे. जगात भाव पडले तेव्हा, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ ह्या काळात, केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले. ह्या शुल्काचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये होते, ते दोन वर्षांत २ लाख ४२ हजार कोटींच्या आसपास गेले. मे २०२० मध्ये शुल्क पेट्रोलवर लिटरमागे ३२ रुपये ९८ पैसे व डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झाले. ही शेवटची वाढ मुख्यतः उपकर व विशेष शुल्क ह्या सदरांत घातली असल्याने राज्यांना तीत वाटा नव्हता. पुढे भाव चढले, तेव्हा नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये काही शुल्क कमी करावे लागले. राज्यांचीही गोष्ट निराळी नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला त्या वेळी पेट्रोल, डिझेल व खनिज तेल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याबद्दल केंद्र आणि राज्ये ह्यांचे, मग सत्ता कोणत्याही पक्षाची असो, सहसा न आढळणारे एकमत झाले. सौदीचा खजिना महागाईत फुगतो, आपला स्वस्ताईत फुगतो, एवढाच काय तो फरक.

फरक आणखी एक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. आपल्याकडे हा पैसा रयतेच्याच खिशातून जातो. तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकार तिच्यापाशी आहे आणि तो मागण्याची जागा, म्हणजे संसद व विधिमंडळ, तिच्यापाशी आहे. अंदाजपत्रक सादर होताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांनीही तीन गोष्टी सभागृहात स्पष्ट सांगाव्यात अशी आमची मागणी आहे. वर्षासाठी खनिज तेलाचा भाव काय गृहीत धरला आहे; तो पिंपामागे दहा डॉलरांनी उतरला तर ग्राहकाला त्यातले किती मिळेल व तिजोरी किती ठेवून घेईल; आणि तो दहा डॉलरांनी चढला तर शुल्क किती उतरेल. हे आकडे अर्थखात्यापाशी असावयासच हवेत. आखातातील आपल्या माणसांसाठी मात्र एक वेगळे कलम लागेल. तेथील सरकारांनी कंत्राटदारांची बिले थकविण्यास आरंभ केला की पहिली चाहूल वकिलातींना लागते. ती चाहूल लागताच मजुरांच्या थकलेल्या पगाराची नोंद करून घेणारा, आणि माणूस मायदेशी परतल्यावरही त्याचा दावा तेथील कचेरीत चालविणारा, जबाबदार अधिकारी प्रत्येक वकिलातीत नेमलेला असावा. २०१६ मध्ये जेद्दाहून जे परतले, त्यांतल्या अनेकांना विमानाचे तिकीट मिळाले; पगार मागे राहिला.